फोल्डरच्या पोटातले फोल्डर

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये डाव्या पट्टीत रिकाम्या जागी राइट-क्लिक करून ‘एक्सपांड टू करंट फोल्डर’ निवडा (काही आवृत्त्यांत ‘एक्सपांड टू ओपन फोल्डर’). मग उजवीकडे जो फोल्डर उघडाल, तिथपर्यंतची फांदी डावीकडे आपोआप उलगडते. त्याच पट्टीत फोल्डर निवडून उजवा बाण दाबला की तो उघडतो, डाव्याने मिटतो. न्यूमरिक कीपॅडवरच्या * ने खालचे सगळे थर एकदम उघडतात. अख्ख्या सी ड्राइव्हवर मात्र हे करू नका, ताटकळत बसाल.

खरी अडचण लांबीची. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा पूर्ण मार्ग २६० अक्षरांपलीकडे गेला, की कॉपी अडते. तेव्हा आतल्या फाइलशी झटापट नको. वरच्याच फोल्डरांची नावं आखूड करा.