टायर घेताना आधी त्याची बाजू चिमटीत धरून बघा

कोकणात केळशीहून आंजर्ल्याकडे सायकलने जाताना रस्त्याचं काम चालू होतं. डांबर उकरलेलं, वर जांभ्याचे तुकडे. त्यातल्या एका धारदार तुकड्याने मागच्या टायरची बाजू बोटाच्या पेराएवढी चिरली आणि चिरेतून ट्यूबचा काळा फुगा बाहेर आला. पंक्चरचं सगळं सामान जवळ होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. शेवटी टूथपेस्टची ट्यूब चाकूने उभी कापली, पुसली, दुहेरी घडी करून चिरेच्या आतून लावली आणि निम्मीच हवा भरून कशीबशी दापोली गाठली.

दुकानात २८ इंची टायर होता. माझ्या ७००सी मापाच्या टायरवरही २८ लिहिलेलं, म्हणून जीव भांड्यात पडला. चढवायला गेले तर रिमवर ढिला! दूधवाल्यांच्या उंच सायकलीचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५ मिलिमीटर, आणि ७००सी म्हणजे ६२२. इंचांवर विसंबू नका. टायरच्या बाजूवर '४०-६२२' असा आकडा कोरलेला असतो. पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या व्यासाचा. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. तुमची सायकल २६ इंची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, असेल (५५९), तर लहान गावातही काही ना काही मिळतं. ७००सी असेल तर लांबच्या वारीत घडीचा एक जादा टायर बरोबर ठेवाच.

रुंदी किती? सामानासकट डांबर आणि खडी दोन्हीवर चालवायचं तर ३८ ते ४५ मिलिमीटर. मी ४० वापरते. ३२ चा टायर डांबरावर हलका पळतो, पण खडीत मागचं चाक दगडावर आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. विकत घ्यायच्या आधी फोर्क आणि मागच्या नळ्यांमध्ये टायर बसवून दोन्ही बाजूंना निदान ५-६ मिलिमीटर मोकळं राहतं का ते बघा, मडगार्ड लावलेलं असतानाच. पावसाळ्यात तांबडा चिखल तिथेच अडकून चाक जाम करतो.

आता बाजू. टायर हातात घ्या आणि मधल्या पट्ट्याच्या खाली, रिमच्या दिशेने, अंगठा आणि तर्जनीत चिमटा काढा. कागदासारखी लागली तर तो टायर शर्यतीचा. दुकानदार टीपीआयचा मोठा आकडा दाखवून भुलवतो. टीपीआय म्हणजे टायरच्या आतल्या कापडात एका इंचात किती धागे. आकडा जास्त तर धागे बारीक, टायर हलका आणि लवचीक, पण तेवढ्यावरून तो टिकाऊ ठरत नाही. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये रबराचा ५ मिलिमीटर जाड थर असतो. देशावरच्या बाभळीच्या काट्याला आणि हायवेवर ट्रकच्या फुटक्या टायरमधून पडलेल्या बारीक तारांना तो छान अडवतो. पण तो थर असतो मधोमध, जिथे टायर रस्त्याला टेकतो. जांभा कापतो बाजूला. म्हणून सोलापूर-नगरकडे फिरणाऱ्याने मधला थर आधी बघावा, कोकणात उतरणाऱ्याने बाजू.

नक्षी मधे सलग, कडेला थोड्या गोट्या, म्हणजे रबराचे उंचवटे, इतकी पुरे. खोल गोट्यांचा टायर डांबरावर घरघरतो आणि लवकर झिजतो.

हवेच्या दाबाचा आकडा टायरवर छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा, तिथपर्यंत भरायलाच हवी असं नाही. माझं वजन आणि सामान मिळून नव्वद किलोच्या आसपास. डांबरावर मागे ५५, पुढे ४५ पीएसआय ठेवते. खडी लागली की दोन्हीकडे सात-आठने कमी करते. मागचा टायर आधी झिजतो, कारण भार तिकडे. तो झिजला की पुढचा मागे घ्या आणि नवा टायर पुढे लावा. उतारावर पुढचा टायर घसरला तर सावरायला वेळ मिळत नाही.

नवीन जोडी चढवल्यावर निघण्याच्या आधी सामान लादून पन्नासेक किलोमीटर चालवून बघा, आणि जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा कापून पंक्चरच्या डबीत टाका. चीर पडलीच तर आतून लावायला टूथपेस्टच्या ट्यूबपेक्षा तो कितीतरी बरा.