पल्स्ड आरएफची पॉवर मोजताना
रडार ट्रान्समीटरसारखा पल्स्ड, म्हणजे तुटक झटक्यांनी येणारा आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) सिग्नल साध्या पॉवर मीटरला जोडला, तर दिसतो तो सरासरीचा आकडा. पीक पॉवर, म्हणजे पल्स चालू असतानाची पॉवर काढायची तर त्याला ड्युटी सायकलने (एकूण वेळेपैकी पल्स चालू असण्याच्या हिश्श्याने) भागायचं. पल्स १ मायक्रोसेकंदाची आणि सेकंदाला १००० पल्स असतील, तर ड्युटी सायकल ०.००१, म्हणजे मीटरवर १ वॅट दिसत असताना पीक १ किलोवॅट असते. डीबीत (डेसिबलमध्ये) सांगायचं तर मीटरच्या आकड्यात ३० डीबी मिळवा.

हे गणित पल्स चौकोनी असेल तरच खरं. माथ्यावर उसळी असेल किंवा कडा तिरक्या असतील, तर पीक पॉवर सेन्सरच हवा.

सरासरीसाठी थर्मल सेन्सर घ्या. तो फक्त उष्णता मोजतो, पल्सच्या आकाराशी त्याला घेणंदेणं नाही. साधा डायोड सेन्सर मात्र साधारण उणे २० डीबीएमच्या (१ मिलिवॅटच्या तुलनेत डीबी) वर स्क्वेअर-लॉ, म्हणजे पॉवरच्या प्रमाणात आउटपुट देणं सोडतो आणि पल्सवर बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवतो. इथे सरासरी नव्हे, पल्सची पीक त्या मर्यादेखाली हवी.

बरेचदा निसटते ती पल्सांमधली गळती. वरच्याच उदाहरणात ट्रान्समीटर ‘बंद’ असताना पीकपेक्षा ३० डीबी खालचा सिग्नल झिरपत राहिला, तर मीटरचा आकडा थेट दुप्पट होतो! त्यामुळे स्पेक्ट्रम अॅनालायझरवर झिरो स्पॅन लावून (एकाच फ्रिक्वेन्सीवरचा सिग्नल वेळेनुसार दाखवून) ऑन-ऑफ फरक आधी बघा.

अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) निवडताना त्याची सरासरीसोबत पीक मर्यादाही तपासा. झिरोइंग (मीटर शून्यावर आणणं) अर्थातच आरएफ बंद ठेवून.