गोठ्यामागचा जुना ट्रॅक्टर सुरू करताना

चार-पाच पावसाळे उभ्या राहिलेल्या बी-२७५ किंवा मॅसी १०३५ ट्रॅक्टरचा खरा घात होतो तो ओढत सुरू करताना. साखळी लावून, गिअरात टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढला की गंजानं लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरलेला पिस्टन सुटेलच असं नाही, त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड मात्र वाकू शकतो. म्हणून आधी हातानं फिरवायचा, बॅटरी शेवटी.

पहिल्यांदा चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी ऑइलच्या खाली बसतं, त्यामुळं असेल तर तेच आधी गळतं. २०१९ च्या महापुरात बुडालेला असेल, तर गिअरबॉक्स आणि मागच्या हौदाचं (डिफरन्शियल-हायड्रॉलिकचं) ऑइलही पाहा. ताकासारखं पांढरं दिसलं तर सगळं बदला. एअर क्लीनरचा वाडगा आणि सायलेन्सरही उघडा. उंदरांची घरटी तिथंच सापडतात.

आता नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा. खालचा तांब्याचा वायसर (वॉशर) बऱ्याचदा भोकातच चिकटून राहतो. तो न काढता वर नवा बसवला, तर कॉम्प्रेशन गळतं आणि माणूस पंपाला दोष देत बसतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धं डिझेल, अर्धं इंजिन ऑइल असं २०-२५ मिली सोडा आणि दोन-तीन दिवस थांबा. या मुदतीत नोझल कराड-सांगलीच्या पंपवाल्याकडून तपासून आणा.

व्हॉल्व्ह दिसावेत म्हणून इंजिनवरचं टॅपेट कव्हर काढून क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावा आणि थोडं पुढं, थोडं मागं करा. पिस्टन सुटला की सावकाश पूर्ण दोन फेरे द्या. दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. एखादा वर येत नसेल तर तिथंच थांबा, नाहीतर व्हॉल्व्ह ढकलणारा पुशरॉड वाकेल. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर डिझेल सोडा, लाकडी हातोडीनं हलकं ठोका.

तपासलेले नोझल परत बसवा. टाकीतलं जुनं डिझेल टाकून द्या, फिल्टर नवे घाला. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढताना क्रम महत्त्वाचा: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे नट. इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरसाठी ओळीत वेगळा प्लंजर असलेला) असेल तर बगलेचं झाकण उघडून रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दातेरी पट्टी, बोटानं सरकवून बघा. रॅक फुल डिझेलवर अडकला तर इंजिन सुरू होताच सुसाट पळतं, डिझेल तोडणारा स्टॉप नॉब ओढूनही थांबत नाही. त्यासाठी हवेच्या तोंडावर दाबायला सपाट फळी हाताशी ठेवा. तळहात कधीच लावू नका.

नवं ऑइल आणि रेडिएटरमध्ये पाणी भरा, बॅटरीची अर्थ वायर जिथं बसते तिथला रंग-गंज खरवडा. गिअर न्यूट्रल करून, स्टॉप नॉब ओढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये मिनिटभर विश्रांती. ऑइल प्रेशरचा काटा हलल्यावरच नॉब आत ढकला.

सुरुवातीचा पांढरा धूर गरम झाल्यावर जातो. काटा खाली पडला तर लगेच बंद करा. क्लच दाबूनही गिअर करकरत असेल, तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. इंजिन बंद करून पेडल दाबून लाकडी ठोकळ्यानं रात्रभर अडकवून ठेवा. बऱ्याचदा ती सुटते. पाच-दहा तास चालल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर पुन्हा बदला, कारण सुटलेला गंज त्यातच उतरलेला असतो.