साखरपुड्याचा हिरा ऑनलाइन: बिचकणाऱ्या जोडीदाराला कसं राजी करावं

साखरपुड्याची तारीख ठरली, हॉलची आगाऊ रक्कम भरून झाली आणि अंगठीवर गाडी अडली. तुम्ही रात्री जागून वेबसाइट पालथ्या घातल्यात, एक हिरा मनात भरलाय, दुकानातल्या भावापेक्षा तो स्वस्तही पडतोय. आणि समोरून उत्तर येतं, "हिरा, आणि ऑनलाइन? मोबाइलचं कव्हर आहे का ते?"

ठाणे-नवी मुंबईत कोथिंबिरीपासून सोफ्यापर्यंत सगळं दारात मागवणारी माणसंही इथे येऊन थांबतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. दुकानात काही बिनसलं तर गल्ल्यावरचा माणूस ओळखीचा असतो. वेबसाइटवर कोणाला धरायचं? बहुतेकांना धास्ती असते ती याचीच. म्हणून पैसे किती वाचतील याचं पालुपद आधी बंद करा. तपासायचं कसं आणि जबाबदार कोण, हे तिच्या हातात द्या. (पुढे 'ती' लिहिलंय ते सोयीसाठी. नवरदेवच अडून बसला असेल तर 'तो' वाचा. तशी उदाहरणं कमी नाहीत.)

१. आधी 'नाही' कशाला आहे ते काढून घ्या

"त्यात काय घाबरायचं?" अशी सुरुवात केलीत की संवाद तिथेच संपला. दोघांच्या घरच्यांसमोर किंवा व्हॉट्सॲपवर हा विषय नको. तलावपाळीला किंवा वाशीच्या सागर विहारला चक्कर मारताना शांतपणे विचारा आणि मध्ये बोलू नका. एकच 'नाही' दिसतो, पण त्याच्या आत वेगवेगळ्या गोष्टी असतात: खोटा निघाला तर, बोटात घातल्याशिवाय कळणार कसं, कुरिअरमध्ये बदलला तर, आई काय म्हणेल, आमचा सोनार आजीच्या पाटल्यांपासूनचा आहे, त्याला काय वाटेल.

यातलं एक कारण सहसा बोललं जात नाही. तिला दुकानात जायचं असतं. दोघांनी शेजारी बसावं, समोर मखमली ट्रे यावा, थंड मागवावं, एकेक अंगठी घालून बघावी. हे कारण असेल तर जगातलं कुठलंही प्रमाणपत्र कामाचं नाही. अंगठी दुकानातून घ्या आणि ऑनलाइनचा हट्ट हनिमूनच्या तिकिटांसाठी राखून ठेवा.

२. दोघांनी दुकानात जाऊन बघून या

बाकी सगळ्या कारणांसाठीही पहिली फेरी दुकानातलीच. ठाण्यात राम मारुती रोड किंवा गोखले रोड, नवी मुंबईत वाशी सेक्टर १७. शनिवार-रविवारच्या गर्दीत नको, आडवारी दुपारी जा. "आज फक्त बघायला आलोय" असं सरळ सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि सेल्समनचा वेळही फुकट जात नाही.

तीन गोष्टी करून या. तीस, पन्नास आणि सत्तर सेंटचे गोल हिरे तिच्या बोटावर ठेवून बघा. शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट, म्हणजे ०.२ ग्रॅम. पन्नास सेंटचा नीट पैलू पाडलेला गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर भरतो, एक कॅरेटचा ६.५. वजन दुप्पट झालं तरी रुंदी दुप्पट होत नाही, आणि हे आकडे वाचून नाही, बोटावर बघूनच पटतं. दुसरं, अंगठी दाराजवळ नेऊन उजेडात बघू देतात का ते विचारा. काउंटरवरच्या दिव्यांखाली सगळेच हिरे लखलखतात. तिसरं, बोटाचं माप घ्या, तेही संध्याकाळी, बोटं थोडी फुगलेली असताना. आपल्याकडचा अंगठीचा नंबर म्हणजे आतला परीघ मिलिमीटरमध्ये वजा ४०. ५२ मिलिमीटर भरला तर १२ नंबर.

३. प्रमाणपत्र तिला वाचायला लावा

इथे घाई करू नका. सगळं इथेच ठरतं, आणि फोन तिच्या हातात असू द्या.

आवडलेल्या हिऱ्याच्या पानावर प्रमाणपत्राचा नंबर असतो. हिरा तपासून ते देणारी प्रयोगशाळा जीआयए किंवा आयजीआय असावी. जीआयए ही १९३१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन संस्था. आयजीआय मूळची अँटवर्पची, १९७५ ची. विक्रेत्याने स्वतःच छापलेलं 'ऑथेंटिसिटी कार्ड' हे प्रमाणपत्र नव्हे, मग ते कितीही सोनेरी असो. तो नंबर विक्रेत्याच्या पीडीएफमध्ये न बघता प्रयोगशाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवर तिला टाकायला सांगा. अहवाल उघडला की एकेक ओळ जुळवा: वजन दोन दशांश स्थळांपर्यंत, लांबी-रुंदी-खोली मिलिमीटरमध्ये, रंग, स्वच्छता (आत दोष किती), कट (पैलू किती नीट पाडलेत). एक आकडा जरी जुळला नाही तरी तो हिरा सोडा.

आता कागदावरचा नंबर आणि प्रत्यक्ष खडा यांची गाठ कशी घालायची? हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतो त्या बारीक कडेवर, लेझरने तोच नंबर कोरता येतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दहापट भिंगाखाली हिरा तिरका धरून सावकाश फिरवला की अक्षरं सरकत समोर येतात. लहान हिऱ्यांसाठी जीआयए जो डोसिए नावाचा अहवाल देते त्यात हे कोरीव काम असतंच. मोठ्या अहवालात ते आहे का ते बघून घ्या. अंगठी घडवताना नंबर कोंदणाच्या दाढेखाली झाकू नका, अशी सूचना ऑर्डरमध्येच लिहा. "बदलला तर?" याचं उत्तर विक्रेत्याच्या शब्दात नाही, या नंबरात आहे.

आणखी एक गंमत तिला करून दाखवा. तोच नंबर गुगलमध्ये टाका. पुष्कळदा तोच हिरा वेगवेगळ्या साइटवर वेगवेगळ्या भावाला लावलेला सापडतो, कारण बऱ्याच विक्रेत्यांकडे माल स्वतःचा नसतो. व्यापाऱ्यांच्या सामायिक याद्यांवरून ते तो दाखवतात. असं दुकानात शोधता येत नाही. पैशांचा मुद्दा आता काढा, आता तो ऐकला जाईल.

हिरा प्रत्यक्ष बघायचाच असेल तर विक्रेत्याला विचारा. काहींची ऑफिसं वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्स या हिरेबाजारात असतात आणि वेळ ठरवून ते हिरा दाखवतात. ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशीहून हार्बरने कुर्ला गाठा, तिथून पुढे बस. ओळखपत्र विसरू नका.

४. कशावर अडायचं, कशावर सोडायचं

कटवर तडजोड नाही. गोल हिऱ्यात 'एक्सलंट' श्रेणीचा घ्या, बाकी सगळं त्यानंतर. खोलीचा आकडा रुंदीच्या ६३-६४ टक्क्यांकडे गेला की वजन पोटात लपतं; पैसे पन्नास सेंटचे द्याल आणि वरून हिरा पंचेचाळीसचा दिसेल. रंगाची पट्टी डी ते झेड; डी म्हणजे रंगहीन, पुढे पिवळसरपणा वाढत जातो. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात जी-एच पुरतो, पिवळ्या सोन्यात आय-जेसुद्धा खपून जातो. स्वच्छतेच्या पट्टीवर व्हीव्हीएस वर, त्याखाली व्हीएस, मग एसआय. व्हीव्हीएस हवाच, हा हट्ट मात्र फक्त प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्यांनी धरावा. व्हीएस२ मधला दोष नुसत्या डोळ्यांनी सहसा दिसत नाही. एसआय१ घेत असाल तर व्हिडिओत मधोमध काळा ठिपका नाही ना, ते बघा. एक कॅरेटची हौस असेल तर नव्वद-पंच्याण्णव सेंटचे बघा; आकडा 'एक' झाला की भाव उडी मारतो.

५. खाणीतला की प्रयोगशाळेतला?

हे आधी ठरवा, नाहीतर नंतर यावरून खरं भांडण होईल. प्रयोगशाळेत तयार केलेला हिराही हिराच, रसायन तेच, फक्त भाव खूप कमी. पण गेल्या काही वर्षांत हे भाव घसरत गेलेत आणि परत विकायला गेलात तर हाती फार येत नाही. कित्येक साइटवर दोन्ही प्रकार शेजारी मांडलेले असतात, तेव्हा अहवालावर 'लॅबोरेटरी ग्रोन' लिहिलंय का ते बघा. दुकानातलं टेस्टर पेन या दोघांतला फरक सांगत नाही; साधं पेन तर मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्या खड्यालाही हिरा म्हणून मोकळं होतं. तिला स्वस्तातला मोठा हवा आहे की खाणीतला छोटा, हे तिनेच सांगायचं.

६. परतीच्या अटी आणि 'कोणाला धरायचं'

अटींचं पान दोघांनी मिळून वाचा. परत करायची मुदत किती दिवसांची, आणि ती ऑर्डरपासून मोजतात की अंगठी हातात आल्यापासून? पैसे बँकेत परत येतात की नुसती क्रेडिट नोट? मापाप्रमाणे घडवलेली किंवा आत नाव कोरलेली अंगठी बरेच जण परत घेत नाहीत, तेव्हा नावं कोरायची हौस मुदत संपल्यावर करा. एक्स्चेंज (बदल्यात दुसरा दागिना) आणि बायबॅक (परत घेऊन पैसे) हे वेगळे आकडे असतात. घडणावळ आणि जीएसटी त्यात धरतात का, हे ईमेलवर लेखी घ्या.

मग कायदा सांगा, पण थोडक्यात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. हे नाव साइटवर सापडत नसेल तर ती साइट बंद करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेता सुरतेचा असो की बंगळुरूचा, तुम्हाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत.

वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले की विषय मिटला. दोन लाखांच्या वर बिल गेलं तर पॅन मागतील, ते नियमातलंच आहे. त्याने तिने दचकू नये म्हणून आधीच सांगून ठेवा.

७. घरची मंडळी

तुम्ही सांगून जे पटत नाही ते ऑनलाइन अंगठी घेतलेल्या मावसबहिणीने पाच मिनिटांत पटतं. सोनारानेच कान टोचलेले बरे. अशी कोणी असेल तर तिला अंगठी घालूनच जेवायला बोलवा.

घरच्या सोनाराला बाजूला टाकायची गरज नाही. मंगळसूत्र, वाट्या, पाटल्या त्याच्याकडेच करा आणि अंगठी आली की तपासायलाही त्याच्याकडेच न्या. "काका, जरा बघता का?" असं विचारलं तर तो नाक मुरडेल, पण भिंग काढेल. मोठ्यांना त्याचा शब्द पुरतो.

"हिरा सगळ्यांना लाभत नाही," असं आजी म्हणाल्या तर वाद घालू नका. शुक्राचं रत्न ते, उशीखाली ठेवून बघायची पद्धत कित्येक घरांत आहे. परतीची मुदत आहे ना? खुशाल ठेवा उशीखाली. दुकानातून घडवून घेतलेली अंगठी नाही लाभली तर ती सवलत मिळेलच असं नाही, हा मुद्दा आजींच्या कानावर अलगद घाला.

८. ऑर्डर आणि पेटी उघडणं

साखरपुड्याआधी किमान पाच-सहा आठवडे ऑर्डर द्या. माप चुकलं तर दुरुस्तीला वेळ लागतो, आणि पूर्ण वर्तुळभर हिरे असलेली अंगठी लहान-मोठी करणं फार अवघड. पितृपक्षात पेटी येणार असेल तर तारीख पुढे ढकला. घरच्यांना बोलायला निमित्त कशाला द्यायचं?

पत्ता घरचा द्या, महाप्याच्या किंवा ऐरोलीच्या ऑफिसचा नको. सोसायटीच्या गेटवर पार्सल ठेवून जायची सवय कुरिअरवाल्यांना लागलेली असते, म्हणून "वॉचमनकडे ठेवू नका" हे वॉचमनलाही सांगून ठेवा. ओटीपी पेटी हातात घेऊनच द्या. सील फोडण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा आणि अंगठी, बिल, प्रमाणपत्र तिन्ही दिसेपर्यंत तो तोडू नका.

मग अंगठीच्या आतली बाजू बघा. १८ कॅरेट सोन्यावर ७५०, १४ कॅरेटवर ५८५, शेजारी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की शुद्धता आणि नोंदणीकृत सराफ दिसतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क बंधनकारक नाही, तेव्हा अंगठी फार नाजूक असेल तर आधीच विचारून ठेवा. आणि हा शिक्का फक्त सोन्याचा आहे. हिऱ्याची हमी तो कमरेवरचा नंबरच देतो. तो भिंगाखाली तिलाच वाचू द्या.

९. तरीही 'नाही'च असेल तर

मग ताणू नका. आतापर्यंतचं काम वाया गेलेलं नाही. निवडलेल्या दोन-तीन हिऱ्यांची वजनं, रंग, स्वच्छता, कट आणि भाव एका कागदावर लिहा, तो घेऊन त्याच दुकानात जा आणि विचारा, "असाच, याच प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राचा, तुमच्याकडे कितीला पडेल?" हिऱ्याच्या भावात सराफ फारसा हलणार नाही, पण घडणावळीत हलतो. तिथे घासाघीस करायला तिच्या आईला पुढे करा.