लॅबव्ह्यू शिकताय? आधी कनेक्टर पेन नीट शिका

इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्स करून टेस्टिंगमध्ये येणाऱ्या बहुतेकांना लॅबव्ह्यू, म्हणजे चित्रं आणि वायरी जोडून प्रोग्रॅम करण्याचं सॉफ्टवेअर, थोडंफार येत असतं. कॉलेजच्या लॅबमध्ये तापमानाचा आलेख काढलेला असतो, एखादा एलईडी लुकलुकवलेला असतो. नोकरीत मात्र समोर येतं ते आधीच्या कुणीतरी केलेलं शेकडो व्हीआयचं (व्हीआय म्हणजे लॅबव्ह्यूमधला एक प्रोग्रॅम) प्रोजेक्ट, आणि काम असतं त्यात एक सेन्सर वाढवण्याचं. पिंपरी-चाकण पट्ट्यात टेस्ट बेंचवर काम करायचं असेल तर हाच अनुभव येणार हे धरून चाला. तेव्हा कुठला व्हीआय बाहेरून काय मागतो आणि काय देतो हे पटकन वाचता आलं, तर निम्मी लढाई जिंकलीच.

लॅबव्ह्यू 1986 साली नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने मॅकिंटॉशवर आणलं. मोजमापाचं उपकरण जसं असतं, समोर बटणं आणि मीटर, आत सर्किट, तशीच त्याची रचना आहे. समोर फ्रंट पॅनेल, मागे ब्लॉक डायग्राम, म्हणजे वायरींनी जोडलेला प्रत्यक्ष प्रोग्रॅम. नवख्यांना वाटतं की फ्रंट पॅनेल फक्त ऑपरेटरसाठी असतं. तसं नाही. प्रत्येक सबव्हीआयलाही (दुसऱ्या व्हीआयच्या आत वापरलेल्या व्हीआयलाही) फ्रंट पॅनेल असतं, आणि तो चालताना कुणाच्या नजरेस पडत नसला तरी त्यावरची कंट्रोल्स म्हणजेच त्याचे इनपुट आणि इंडिकेटर्स म्हणजेच त्याचे आउटपुट. ते बाहेरून जोडता यावेत म्हणून कनेक्टर पेन. पॅनेलच्या खिडकीत वर उजव्या कोपऱ्यात, आयकॉनच्या शेजारी चौकोनांची जाळी दिसते ती हीच.

नवीन व्हीआय उघडला की त्यात 4-2-2-4 असा बारा टर्मिनलचा (वायर जोडण्याच्या जागांचा) नमुना येतो. कामाला तीनच टर्मिनल लागत असली तरी हा नमुना बदलू नका. उद्या चौथा इनपुट आला आणि तुम्ही नमुना बदललात, तर जिथे जिथे तो व्हीआय वापरलाय तिथल्या वायरी विस्कटतात. इनपुट डावीकडे, आउटपुट उजवीकडे. उपकरणाचा रेफरन्स (कुठल्या उपकरणाशी बोलायचं ती ओळख) वरच्या कोपऱ्यांत, एरर खालच्या कोपऱ्यांत. हे का, ते बघायचं असेल तर सिरियल पोर्टचे व्हिसाचे (उपकरणांशी बोलण्याच्या लायब्ररीचे) तयार व्हीआय एका ओळीत ठेवा: कॉन्फिगर, राइट, रीड, क्लोज. पोर्टची वायर वरून सरळ जाते, एररची खालून सरळ जाते, कुठे वळण नाही. तुमचे व्हीआय या रांगेत मध्येच बसवले तरी वायर सरळच राहिली पाहिजे.

एररची वायर फक्त चुका कळवण्यासाठी असते असं समजू नका. डेटाफ्लोमध्ये, म्हणजे लॅबव्ह्यूच्या चालण्याच्या पद्धतीत, सगळे इनपुट पोचले की नोड (डायग्रामवरचा एक घटक) चालतो. ज्या दोन नोडमध्ये वायरच नाही, त्यांपैकी आधी कोण चालेल याची खात्री नाही. डायग्रामवर कोण डावीकडे आहे याला काही अर्थ नाही. पॉवर सप्लाय चालू करणारा व्हीआय आणि व्होल्टेज वाचणारा व्हीआय एररच्या वायरीने जोडलेत की क्रम ठरला. नाहीतर एखाद्या दिवशी सप्लाय सुरू व्हायच्या आधीच वाचन होऊन शून्य व्होल्ट येतात आणि दोष बिचाऱ्या सेन्सरच्या माथी जातो.

आता एक गोष्ट जी कॉलेजात क्वचितच कुणी शिकवतं. कनेक्टर पेनवरच्या टर्मिनलवर राइट क्लिक केलं की ते रिक्वायर्ड, रेकमेंडेड की ऑप्शनल हे ठरवता येतं. रिक्वायर्ड इनपुट जोडला नाही तर रनचा बाण तुटतो, म्हणजे प्रोग्रॅम सुरूच होत नाही. बाकी दोन्हींत काहीही न जोडता प्रोग्रॅम मुकाट चालतो आणि कंट्रोलमधली डिफॉल्ट किंमत घेतो. पोर्टचं नाव, चॅनेल, प्रेशरची मर्यादा हे चुकून राहिलं तर महागात पडणारे इनपुट रिक्वायर्डच हवेत. आणि ‘मेक करंट व्हॅल्यूज डिफॉल्ट’ हा पर्याय विचार न करता वापरू नका. डेस्कवर चाचणी घेताना भरलेला पोर्ट त्या फाइलमध्ये कायमचा जाऊन बसतो, आणि दुसऱ्या मशीनवर भलत्याच उपकरणाला आज्ञा जायला लागतात. कीबोर्डवर कंट्रोल-एच दाबून मदतीची छोटी खिडकी कायम उघडी ठेवा. त्यात रिक्वायर्ड इनपुट ठळक अक्षरात दिसतात.

ऑपरेटरसमोरच्या पॅनेलवर सगळ्यात जास्त घोळ होतो तो बटणांचा. लॅबव्ह्यूच्या बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) बटणाला सहा प्रकारची मेकॅनिकल ॲक्शन देता येते: तीन स्विचच्या, तीन लॅचच्या. स्विच म्हणजे दाबलं की तसंच राहिलं. लॅच म्हणजे प्रोग्रॅमने एकदा किंमत वाचेपर्यंत ट्रू, मग आपोआप पूर्ववत. ‘अंटिल रिलीज्ड’ हे शब्द असलेले दोन प्रकार मात्र बोट दाबलेलं असेपर्यंत ट्रू राहतात. एका गळती-चाचणीच्या बेंचवर स्टार्टचं बटण स्विच ठेवलेलं मी पाहिलंय. पहिला पार्ट पास झाला, प्रोग्रॅम पुन्हा वाट बघण्याच्या स्थितीत आला, बटण अजून ट्रूच, आणि ऑपरेटर पार्ट काढत असतानाच क्लॅम्प खाली यायला निघाला. लाइट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) होता म्हणून निभावलं. स्टार्ट, स्टॉप, रीसेट यांना ‘लॅच व्हेन रिलीज्ड’ द्या. पंप चालू-बंद ठेवायचा असेल तिथे स्विच.

लॅचची स्वतःचीही खोड आहे. त्याची किंमत दोन ठिकाणी वाचायची सोय नाही. लॅच असलेल्या बटणाचा लोकल व्हेरिएबल (त्याची किंमत दुसरीकडूनही वाचायची सोय) केलात तर बाण लगेच तुटतो, आणि तुटतो तेच बरं. इव्हेंट स्ट्रक्चर (बटण दाबण्यासारखी घटना घडली की चालणारी चौकट) वापरत असाल तर बटणाचं टर्मिनल त्याच्याच व्हॅल्यू चेंजच्या केसमध्ये आत ठेवा. बाहेर राहिलं तर बटण दाबलेलंच दिसत राहतं आणि ऑपरेटर ते आणखी चार वेळा दाबतो.

वायरींचे रंग आठवड्याभरात पाठ होतात: नारिंगी दशांशाची, निळी पूर्णांकाची, हिरवी बूलियनची, गुलाबी स्ट्रिंगची. इनपुटवर लाल ठिपका दिसला तर समजा की प्रकार जुळत नव्हता आणि लॅबव्ह्यूने तो आपणहून बदलून घेतलाय. एका आकड्याला काही बिघडत नाही, मोठ्या ॲरेला (आकड्यांच्या यादीला) मात्र नवी प्रत तयार होऊन मेमरी जाते. चार्ट आणि ग्राफ यांतला फरकही वेळीच समजून घ्या: चार्ट जुने बिंदू लक्षात ठेवतो, ग्राफला सगळा डेटा एकदम द्यावा लागतो.

स्टेट मशीनसाठी (एका स्थितीतून दुसरीत जाणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) एनम, म्हणजे स्थितींच्या नावांची यादी, लागतो, आणि तो टाइपडेफ करूनच वापरा, म्हणजे वेगळ्या सीटीएल फाइलमध्ये ठेवा. एकदा तिथे नवी स्थिती वाढवली की सगळीकडे पोचते. माझं आणखी एक मत आहे, सगळे सहकारी मान्य करतात असं नाही: अशा एनमवरच्या केस स्ट्रक्चरला (प्रत्येक स्थितीसाठी वेगळा भाग चालवणाऱ्या चौकटीला) डिफॉल्ट केस, म्हणजे उरलेल्या सगळ्यांसाठीची केस, ठेवूच नये. नवी स्थिती आली आणि तिची केस लिहायची राहिली तर बाण तुटून ते तिथल्या तिथे कळतं. डिफॉल्ट केस असली तर प्रोग्रॅम निमूट तिच्यात शिरतो आणि गडबड दोन महिन्यांनी ग्राहकाच्या शॉप फ्लोअरवर सापडते.

सरावासाठी पैसे लागत नाहीत. 2020 पासून लॅबव्ह्यूची कम्युनिटी एडिशन बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत मिळते. आर्डुइनो बोर्ड जोडून तापमान मोजण्याचं जुनंच प्रोजेक्ट घ्या, पण त्याचे चार-पाच सबव्हीआय करा. प्रत्येकाचा आयकॉन वाचता येईल असा, कंट्रोलच्या नावात एकक, डिस्क्रिप्शनमध्ये दोन ओळी. फ्रेशरच्या मुलाखतीत मी लॅपटॉप उघडायला सांगते आणि ब्लॉक डायग्राम न दाखवता नुसती मदतीची खिडकी बघून विचारते, हा व्हीआय काय करतो आणि कुठला इनपुट दिला नाही तर काय होईल. ज्यांनी स्वतः कनेक्टर पेन मांडलेला असतो ते लगेच बोलायला लागतात.