किट विमान बांधताना हाताने रिव्हेट मारण्याचे श्रम कसे वाचवावेत

ओरेगनमधील व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या आरव्ही-७ सारख्या ॲल्युमिनियमच्या किट विमानात (सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या विमानात) पत्रा, रिब (पत्र्याला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) आणि स्पार (पंखाचा मुख्य लांब कणा) यांची बहुतेक जोडणी भरीव रिव्हेटांनीच होते, आणि हे रिव्हेट हजारोंच्या संख्येने असतात. शेपटीपासून सुरुवात करून पंखांपर्यंत पोहोचताना माझे एक मत पक्के झाले. हात भरून येतात ते बहुतांशी कोणता रिव्हेट कोणत्या पद्धतीने मारायचा हे आधी ठरवलेले नसते म्हणून. जो दाबता येतो तो स्क्वीझरने, म्हणजे रिव्हेट दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पकडीने, दाबावा, जो पोलादी पाटावर उलट बाजूने मारता येतो तो तसा मारावा, आणि उरलेल्यांसाठीच रिव्हेट गन (हवेच्या दाबावर चालणारा हातोडा) व बकिंग बार (रिव्हेटच्या मागून टेकवायचा जड ठोकळा) हाती घ्यावेत. नकाशाचे पान समोर आले की प्रत्येक रांगेपुढे पेन्सिलीने ही नोंद करून ठेवावी.

मापांची गोडी आधी लावून घ्यावी. या विमानांत मुख्यतः दोन जाडीचे रिव्हेट लागतात, ३/३२ इंची आणि १/८ इंची. आपल्याकडच्या फिटरच्या भाषेत पाऊण सूत आणि एक सूत. ‘एएन ४७० एडी ४-५’ या नावातील एडी हा मिश्रधातूचा संकेत, त्यापुढचा ४ म्हणजे ४/३२ इंच जाडी आणि ५ म्हणजे ५/१६ इंच लांबी. एक सुती रिव्हेट भोकातून साधारण दीड सूत बाहेर राहिला, तर तो चेपल्यावर मागचे डोके दीड सूत रुंद आणि अर्धा सूत उंच होते. त्यापेक्षा लांब रिव्हेट घेतला की जोरही जास्त लागतो आणि तो आडवा वाकण्याची भीतीही वाढते. म्हणून दोन लांबींच्या मध्ये माप अडले, तर कटरने रिव्हेट कापून घेण्याचा कंटाळा करू नये.

हाताचा स्क्वीझर पाऊण सुतीला सहज पुरतो. एक सुतीला मात्र घाम काढतो, कारण त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट असते. इथे स्क्वीझरची रचना समजून घेतली तर काम निम्म्याने हलके वाटते. त्याच्या दोन्ही दांड्या जसजशा जवळ येतात, तसतसा तरफेचा फायदा वाढत जातो आणि अगदी शेवटच्या टप्प्यात तो सर्वाधिक असतो. त्यामुळे डायची (रिव्हेट दाबणाऱ्या तोंडांची) उंची अशी लावावी की डोके हव्या उंचीला येईल त्याच क्षणी दांड्या पूर्ण मिटतील. दांड्या अर्धवट उघड्या असतानाच रिव्हेट चेपायला लागला, तर सारा भार तळहातावर येतो. ही जुळवणी पत्र्यांच्या एकूण जाडीवर अवलंबून असल्याने, सारख्या जाडीचे आणि सारख्या लांबीचे रिव्हेट एकत्र करून एका बैठकीत दाबावेत. एक सुतीसाठी मी खालची दांडी टेबलावर टेकवतो आणि कोपर ताठ ठेवून वरच्या दांडीवर अंगाचे वजन टाकतो. मनगट त्यात जवळजवळ शिणतच नाही. टेबल कंबरेच्या उंचीचे असावे, कारण खांद्याच्या उंचीवर अंगाचे वजन उपयोगी पडत नाही.

रडर आणि एलिव्हेटर या शेपटीच्या हलत्या भागांच्या पातळ पत्र्याला आतून ज्या पट्ट्या बसतात, त्यांच्यासाठी उलट बाजूने रिव्हेट मारण्याची पद्धत सर्वांत सोपी आहे. पत्र्याला डिंपल करून (भोकाभोवती सपाट डोके मावेल असा खोलगटपणा देऊन) झाले की सपाट डोक्याचे रिव्हेट भोकांत घालून वरून चिकटपट्टी लावावी, पत्रा उलटा करून पोलादी पाटावर ठेवावा आणि रिव्हेटच्या शेपटीकडून गन चालवावी. बार धरायला दुसरा माणूस लागत नाही, आणि बाहेरचा पृष्ठभाग आरशासारखा राहतो.

उरलेल्या जागी, विशेषतः पंखांचा पत्रा लावताना, गन आणि बार यांना पर्याय नाही. बारसाठी टंगस्टनवर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पोलादाच्या दुपटीहून अधिक घनता असल्याने छोटा तुकडाही पुरेसे वजन देतो, रिबच्या कोपऱ्यात मावतो आणि हाताला झटके कमी बसतात. हवेचा दाब टाकाऊ पत्र्यावर आधी पारखून असा लावावा की दोन-तीन सेकंदांत डोके तयार होईल. हलक्या दाबाने बराच वेळ ठोकत राहिल्यास धातू कडक होत जातो आणि शेवटी तडकू शकतो. गन घट्ट दाबून धरावी, बार मात्र काटकोनात आणि गनपेक्षा हलक्या हाताने, नाहीतर रिव्हेटचे डोके पत्र्यावरून उचलले जाते. माझी पत्नी बार धरते. तिने आतून ‘लावला’ म्हटल्याशिवाय ट्रिगरला बोट लागत नाही, आणि तिने ‘बास’ म्हटले की तो रिव्हेट संपला. कानांना संरक्षण दोघांनीही घ्यावे, कारण पत्र्याच्या पोकळीत आवाज फार घुमतो.

बिघडलेला रिव्हेट काढण्याआधी तो खरोखर काढावा लागेल का, हे मापकाने तपासावे. डोके जरासे तिरके असले, पण रुंदी आणि उंची मर्यादेत असली, तर तो काढताना भोक मोठे होण्याचा धोकाच जास्त असतो. काढायचाच असेल तर एडी रिव्हेटच्या डोक्यावरील बारीक खळगा ड्रिलला केंद्र देतो. डोक्याच्या जाडीइतकेच भोक पाडावे, पंचने डोके तोडावे आणि मागून पत्र्याला लाकडाचा आधार देऊन उरलेला दांडा हलकेच बाहेर काढावा. एवढे करूनही भोक वाढले, तर एक माप मोठा रिव्हेट बसवता येतो. मात्र त्याआधी भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर नव्या रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट भरते का, हे मोजून घ्यावे.