मध्यम सिबिल असताना कर्ज कसं काढावं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कर्जदारांसाठी

“तुमचा सिबिल कमी येतोय.” बँकेत एवढं एक वाक्य ऐकवलं जातं आणि उद्यमबागेतला लेथवाला, वडगावचा यंत्रमागवाला किंवा खानापूरचा भातशेतकरी फाईल काखेत मारून परत जातो. किती कमी, कशामुळं कमी, काय केलं तर वाढेल, हे त्याला कोणी सांगत नाही. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी २२ वर्षं काढली. तिथं रांग असताना जे सांगायचं राहून जायचं, ते इथं सविस्तर लिहितो.

आधी आकडा समजून घ्या. सिबिल म्हणजे आजवरची कर्जं आपण कशी फेडली यावरून मिळणारे गुण, म्हणजेच स्कोअर. तो ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या वर असला की बँका सहसा खुशीत असतात, ६५० च्या खाली गेला की हात आखडता घेतात. मधला पट्टा म्हणजे मध्यम. ही रेघ कुठल्या कायद्यात आखलेली नाही, प्रत्येक बँक आपापली आखते. म्हणून ६८० ला एकीकडं नकार मिळतो, दुसरीकडं जादा व्याजानं कर्ज मिळतं. जादा व्याज म्हणजे किती, ते पाहा. २ लाख रुपये ३ वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ६,६४३ रुपये आणि एकूण व्याज ३९ हजारांच्या आसपास. तेच २४ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ७,८४७ आणि व्याज ८२ हजारांच्या वर. ४३ हजारांचा फरक. एवढ्यासाठी दोन-तीन महिने थांबायची तयारी ठेवा.

पायरी १: अर्ज करू नका, आधी अहवाल काढा

भारतात स्कोअर देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार यांपैकी प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. थेट त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं स्कोअर घटत नाही. बँकेत अर्ज केला की मात्र ‘चौकशी’ नोंदली जाते. एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले तर सहाव्याला वाटतं, या माणसाला पैशाची फारच निकड आहे. आपल्याकडं हेच जास्त घडतं: एकानं नाही म्हटलं की त्याच दिवशी पुढच्या बँकेची पायरी.

पायरी २: अहवाल ओळ न् ओळ वाचा

घाई करू नये अशी हीच जागा आहे. पहिल्यांदा नाव आणि पॅन पाहा. सीमाभागातली एक अडचण पुण्या-मुंबईच्या लेखात सापडणार नाही. कर्नाटकातल्या कचेऱ्यांत ‘सविता’, ‘लता’, ‘ज्योती’ ही नावं इंग्रजीत लिहिताना पुष्कळदा ‘टी’ला ‘एच’ जोडतात. कोल्हापूर, गडहिंग्लजकडं काढलेल्या कागदांवर नुसता ‘टी’ असतो. माहेर चंदगडचं, सासर बेळगावचं, म्हणजे एकाच बाईची दोन स्पेलिंगं, दोन आडनावं, दोन पत्ते. अशा वेळी तिचं फेडलेलं कर्ज एका नोंदीत आणि चालू कर्ज दुसऱ्या नोंदीत पडू शकतं. नाहीतर दुसऱ्याच कुणाचं थकीत खातं आपल्या नावावर दिसतं. पाटील, देसाई, जाधव ही आडनावं गावात शेकड्यानं आहेत. आधार, पॅन आणि बँक पासबुकावरचं स्पेलिंग आधी एक करून घ्या.

मग प्रत्येक खात्याखाली महिनावार रकाने दिसतील. हप्ता किती दिवस उशिरा भरला ते तिथं असतं. ०००, म्हणजे वेळेवर. ३०, ६० दिसलं तर तेवढे दिवस थकलेला. ९० दिवसांच्या पुढं खातं अनुत्पादक (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) होतं आणि मग फाईल अवघड होते. खात्याची ‘स्थिती’ही पाहा. ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ यांत मोठं अंतर आहे. वसुलीवाला म्हणतो, “६० हजारांतले ३५ भरा, विषय मिटवू.” तुम्ही भरता, सुटल्यासारखं वाटतं, आणि अहवालात ‘सेटल्ड’ असा डाग वर्षानुवर्षं राहतो. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून खातं पूर्ण बंद करून घ्या आणि ना-हरकत दाखला मागा.

तिसरं, जामीनकी. सोसायटीत, बँकेत एकमेकांना जामीन राहणं ही आपल्याकडची जुनी रीत. पण बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात की ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसतं, आणि कर्जदारानं हप्ता चुकवला की तुमचाही स्कोअर खाली येतो. मला हे ठाऊक होतं, तरी नात्यातल्या एकाच्या गाडीसाठी मी सही केली. त्याचे चार हप्ते थकले आणि घरदुरुस्तीच्या माझ्या कर्जाला व्याज जादा लागलं. अहवालात असं खातं दिसलं तर त्या माणसाला भेटा, वेळ पडली तर एखादा हप्ता स्वतः भरा. ते स्वस्त पडतं.

पायरी ३: चूक असेल तर लेखी तक्रार करा

तक्रार स्कोअर कंपनीच्या संकेतस्थळावर करता येते, ज्या बँकेनं चुकीची माहिती पाठवली तिच्याकडंही अर्ज द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार जाते, फी लागत नाही. ‘सिबिल वाढवून देतो’ अशा जाहिराती करणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. माहिती बदलायची तर ज्या बँकेनं ती पाठवली तिनंच बदलावी लागते, मधल्या माणसाच्या हातात काही नसतं.

पायरी ४: दोन-तीन महिने शिस्त

थकलेला हप्ता आधी भरा, मग तो ८०० रुपयांचा मोबाइलचा हप्ता का असेना. लहान थकबाकी लोक विसरतात आणि तीच आडवी येते. क्रेडिट कार्ड असेल तर मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत वापरा. जुनं, चांगलं चाललेलं कार्ड बंद करू नका. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर १५ दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळं सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

ज्यांनी आजवर कर्जच घेतलं नाही त्यांच्या अहवालात उणे १ दिसतो किंवा काहीच दिसत नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. हे शाखेत शांतपणे सांगा.

पायरी ५: हप्ता उत्पन्नाच्या चालीनं बांधा

चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, संकेश्वर हा उसाचा पट्टा. ऊस तुटतो हंगामात, बिल येतं वर्षातून एकदा, फार तर दोन-तीन तुकड्यांत. तरीही माणूस शोरूममध्ये जाऊन दर महिन्याच्या ५ तारखेचा हप्ता मान्य करतो. मार्चनंतर कारखाना बंद, जूनमध्ये शाळेचा खर्च, ऑगस्टमध्ये हप्ता चुकला. नियत साफ असून स्कोअर मध्यम झालेली कितीतरी माणसं मी पाहिली, कारण बहुतेक हेच असायचं. म्हणून शेतीच्या उत्पन्नावर कर्ज घेताना सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागा. ट्रॅक्टरसाठी तशी सोय सर्रास मिळते. दूध घालणाऱ्याला डेअरीचं बिल नेमानं येतं, त्याला मासिक हप्ता चालतो. निपाणीत तंबाखूवर जगणाऱ्यानं माल विकला जाईल त्याच्या पुढचा महिना धरावा.

घरातले सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. मायक्रोफायनान्ससाठी तर हा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे: वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवेत.

पायरी ६: कुठल्या दारात जायचं, त्याचा क्रम

शेती असेल तर पहिलं दार गावच्या पीकेपीएसचं, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्थेचं. कर्नाटक सरकारच्या योजनेत ५ लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीककर्ज शून्य व्याजानं मिळतं, मात्र मुदतीत फेडायला हवं. प्रत्यक्ष रक्कम पीक आणि क्षेत्र पाहून ठरते. पहाणी उतारा (कर्नाटकातला सातबारा) ताजा काढा. आजोबांच्याच नावावर जमीन राहिली असेल तर वारसा नोंदीला आधी लागा, तिथं स्कोअर ९०० असूनही उपयोग नाही.

दुसरं, सोनं तारण. इथं स्कोअरला फारसं महत्त्व नसतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, ५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याच्या वर ७५ टक्के रक्कम मिळू शकते. लाख भरलेली बोरमाळ किंवा खड्यांचा दागिना नेलात तर लाख, खडे वजा होऊन निव्वळ सोनंच धरतात. वजनाची लेखी पावती समोर करून घ्या. मुदत ठेव किंवा एलआयसीची पॉलिसी असेल तर त्यावरचं कर्ज याहूनही सोपं. ठेवीवरच्या कर्जाचं व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतं.

तिसरं, जिथं तुमचा पगार किंवा धंद्याची उलाढाल जमा होते ती बँक. तिला तुमचं खातं दिसत असतं. जॉबवर्कवाल्यानं उद्यम नोंदणी, दोन वर्षांची आयकर विवरणं, जीएसटीचे कागद आणि फोन-पेवरून येणाऱ्या पैशांसह वर्षभराचा खातेउतारा जोडावा. धंद्यासाठी मुद्रा योजनेतून विनातारण कर्ज मिळतं: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. मध्यम स्कोअर असेल तर लहान रकमेनं सुरुवात करा, ती वेळेवर फेडली की वरची पायरी मागता येते.

मग सोसायट्या, म्हणजे सहकारी पतसंस्था. बेळगावात गल्लोगल्ली आहेत, ओळखीनं आणि दोन जामीनदारांवर कर्ज देतात, अडीनडीला धावून येतात. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे. मात्र त्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाहीत आणि तिथले वेळेवर भरलेले हप्ते बहुधा सिबिलमध्ये पोचत नाहीत. गरज भागेल, पण स्कोअर वाढवायला त्या कर्जाचा उपयोग होईल असं धरून चालू नका. भिशीचंही तसंच.

खासगी फायनान्स कंपन्या आणि मोबाइलवरची ॲप शेवटी. ॲप घ्यायचंच तर मागं कुठली नोंदणीकृत बँक किंवा कंपनी आहे ते पाहा. फोनमधले नंबर आणि फोटो मागणारं ॲप तिथंच काढून टाका. आणि ‘मीटर बड्डी’वाल्याच्या, म्हणजे चढं व्याज लावणाऱ्या बेकायदा सावकाराच्या, वाटेला जाऊ नका. शेकडा ५ रुपये महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के.

पायरी ७: सहीआधी मराठीत कागद मागा

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जासाठी बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं सक्तीचं आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, असं नियमातच लिहिलेलं आहे. आपल्याकडं कागद कन्नड आणि इंग्रजीत असतात, तरुण मुलं वाचतात, पण त्यांच्या आई-वडिलांना बहुधा फुली कुठं मारायची एवढंच दाखवलं जातं. “मला मराठी समजतं, मराठीत द्या,” असं म्हणण्यात भांडण नाही, तो तुमचा हक्क आहे. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात हे विवरण किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य राहतं, म्हणजे घरी नेऊन वाचायला वेळ आहे.

त्यात ‘एपीआर’ हा आकडा शोधा. प्रोसेसिंग फी, विमा, सगळं धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांना पडतं ते तो सांगतो. ‘फ्लॅट १२ टक्के’ ऐकून फसू नका. २ लाखांवर ३ वर्षं फ्लॅट १२ म्हणजे ७२ हजार व्याज, आणि घटत्या शिलकीवर मोजलं तर दर २१ टक्क्यांच्या वर जातो.

पायरी ८: अडचण आली तर लपू नका

हप्ता चुकणार असं दिसलं की चुकण्याआधी शाखेत जाऊन लेखी सांगा, मुदत वाढवून मागा. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या माणसांना मनाई आहे. बिगरनोंदणी सावकार आणि मायक्रोफायनान्सवाल्यांच्या जुलमाविरुद्ध कर्नाटकात २०२५ साली स्वतंत्र कायदा झाला, त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. घरातल्या बाईला कोणी दारात येऊन धमकावत असेल तर रात्रभर घाबरून बसू नका, पोलीस ठाण्यात जा, सोबत शेजारचे दोघं घ्या.

पायरी ९: फिटल्यावरची कामं

शेवटचा हप्ता भरला की ना-हरकत दाखला घ्या. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. पहाणीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरला असेल असं समजू नका, दाखला घेऊन तलाठ्याकडं जा आणि नवा उतारा काढून पाहा. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा अहवाल उघडा. त्या खात्यापुढं ‘क्लोज्ड’ आणि शिल्लक शून्य दिसली की तो कागद छापून पासबुकासोबत ठेवा.